झड, पत्रा आणि पाइपाचं भोक

कोकणात पाऊस वरून पडतो, तसाच समोरूनही येतो. समुद्रावरून वारा सुटला की धारा आडव्या होतात आणि जून ते सप्टेंबर पश्चिमेच्या भिंतीला झड झोडपत राहते. पूर्वी मिरगाच्या आधी झडीच्या बाजूला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायची पद्धत होती. मातीच्या भिंतीला तेवढा आडोसा पुरायचा. पाऊस सरला की झापं उतरायची आणि भिंत पुन्हा उन्हाला मोकळी व्हायची. आता घरं चिऱ्याची नि सिमेंटची झाली, तीन-चार मजली झाली आणि झापांची जागा कलर कोटेड पत्र्याने घेतली. भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे चौकोनी ट्यूबचा सांगाडा उभा करायचा, त्यावर सेल्फ स्क्रूने पत्रे मारायचे, की आतली ओल थांबते.

भिंत कोरी असेल तर नक्कीच थांबते. पण राहत्या इमारतीची भिंत कोरी कुठे असते? संडासाचा ११० मिलीमीटरचा पाइप, न्हाणीघराचा ७५चा, एसीच्या तांब्याच्या नळ्या, गीझरची धुराची नळी, एक्झॉस्ट पंखा, इंटरनेटची वायर असं सगळं याच भिंतीतून बाहेर येतं. अखंड पत्र्यातून पाण्याचा थेंबही आत जात नाही. तो जातो या पाइपांसाठी पाडलेल्या भोकांतून. पत्र्याचं काम चांगलं की वाईट, हे या भोकांपाशी ठरतं आणि काम घेताना नेमकं त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

रत्नागिरीतल्या एका चार मजली सोसायटीत एप्रिल महिन्यात यावर बोलणं झालं. पश्चिमेच्या भिंतीला पत्रा मारायचा ठराव झाला होता. काम ज्यांना द्यायचं त्या फॅब्रिकेटरना सगळे काका म्हणतात. गेट, ग्रिल, शेड आणि पत्र्याची कामं करण्यात त्यांची उभी हयात गेली आहे. दुसऱ्या बाजूला याच इमारतीत माहेर असलेली एक सिव्हिल इंजिनिअर. पुण्यात इमारतींच्या गळतीची तपासणी हाच तिचा व्यवसाय. काकांनी तिला पहिल्या वाक्यापासून ताई केलं. दोघं गच्चीवर गेले आणि मतभेद लगेच वर आला.

काकांचं म्हणणं सरळ होतं. "कोकणात कायमचं असं काही नसतं, ताई. आमच्या जुन्या घराची दर वर्षी शाकारणी व्हायची. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, पुन्हा बसवायची. कौलाची गॅरंटी कोणी मागत नव्हतं. हेही तसंच. पत्रा मारायचा, पाइपाभोवती सिलिकॉन फिरवायचं आणि दर मे महिन्यात नजर टाकायची. सुटलं असेल तिथे परत मारायचं. स्वस्तातलं काम, कुठल्याही पोराला जमतं."

"शाकारणी जमायची, कारण कौल हाताला लागायचं," ताई म्हणाली. "चौथ्या मजल्यावरच्या पाइपापाशी दर मे महिन्यात कोण चढणार? सिलिकॉनची एक नळी स्वस्त, पण ती मारायला परांची बांधावी लागते, नाहीतर माणूस दोरावर सोडावा लागतो. आणि काका, शाकारणीत सिलिकॉन कुठे होतं? वरचं कौल खालच्या कौलावर चढवलेलं असायचं. पाणी अडवायचा प्रयत्नच नव्हता, त्याला उतरायला वाट दिलेली होती. मी तेच मागतेय."

हा वाद रत्नागिरीतच सुरू झालेला नाही. नॉर्वेचे ओइविंद बिर्केलँड यांनी १९६२मध्ये आणि कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले जी. के. गार्डन यांनी १९६३मध्ये भिंतीत पाणी कसं शिरतं याची नीट मांडणी केली. गार्डन यांचा मुद्दा थोडक्यात असा: गळतीला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. भिंतीवर पाणी हवं, भिंतीत फट हवी आणि त्या फटीतून पाणी आत ढकलणारं बळ हवं. यातली एक जरी काढून घेतली तरी गळती होत नाही. बळही अनेक प्रकारचं. पाण्याचं स्वतःचं वजन, वाऱ्याने फेकलेल्या थेंबाचा वेग, बारीक फटीत पाणी ओढून घेणारी केशाकर्षणाची ओढ आणि बाहेरच्या-आतल्या हवेच्या दाबातला फरक.

काकांनी हे ऐकून लगेच आपल्या बाजूने वळवलं. "मग मी तेच करतो की! फट बुजवली, तीनातली एक गोष्ट गेली."

"तीनांतली सगळ्यात अवघड गोष्ट तुम्ही निवडता. दोनशे फटी असतील तर दोनशेच्या दोनशे बुजल्या पाहिजेत, आणि कायम बुजलेल्या राहिल्या पाहिजेत. बळ काढून घेणं त्याहून सोपं आहे."

तिने वहीत हिशेब मांडला. वाऱ्याचा दाब पास्कलमध्ये काढायचा तर वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ने गुणायचं. सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब २४० पास्कल येतो. एवढा दाब पाण्याचा जवळजवळ २४ मिलीमीटर उंचीचा स्तंभ उचलून धरू शकतो. सरळ सांगायचं तर पाइपाभोवतीच्या फटीतलं पाणी एका इंचाच्या आसपास वर चढून आत सांडू शकतं. म्हणून अर्ध्या इंचाची दुमड किंवा अर्ध्या इंचाचा चढ काही कामाचा नाही. वरच्या पत्र्याखाली जाणारी पत्र्याची पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग, निदान सहा इंच आत हवी.

"रोज कुठे ७२चा वारा असतो?" काकांनी विचारलं.

तिने भारतीय मानकाकडे बोट दाखवलं. वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस ८७५ मानकाचा तिसरा भाग वापरतात. त्यात पुण्यासाठी सेकंदाला ३९ आणि मुंबईसाठी ४४ मीटर असा मूळ वेग धरला आहे. ४४ मीटर म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीतल्या किती घरांवरचे पत्रे उडाले, हे काकांना वेगळं सांगायची गरज नव्हती. त्या महिन्यात त्यांना जेवायला फुरसत नव्हती.

मग दोघं जिन्याच्या खोलीपाशी गेले. तिथे काही वर्षांपूर्वी कोणीतरी पत्रा मारला होता आणि टाकीचा पाइप त्यातून बाहेर काढला होता. ताईने पाइपाभोवतीच्या सिलिकॉनच्या कडेला नख लावलं. वरच्या डाव्या अंगाला नख सहज आत गेलं. खालच्या अंगाला सिलिकॉन घट्ट होतं. म्हणजे वरून पाणी शिरत होतं आणि खालून बाहेर पडायला वाट नव्हती. भोकाच्या कडेचा निळा रंग बोटभर सोलला होता, त्याखाली तांबूस पापुद्रा आला होता आणि भोकाच्या आसपास वीतभर जागेत टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे असंख्य ठिपके उमटले होते.

"सिलिकॉन एका बाजूनेच का सुटतं, ते सांगा," काका म्हणाले. इतकी वर्षं त्यांनी हे पाहिलं होतं. कारण मात्र त्यांना माल वाईट असण्यातच दिसत होतं.

कारण उष्णतेत आहे. पोलाद दर मीटरला, दर अंशाला सुमारे ०.०१२ मिलीमीटर वाढतं. पश्चिमेचं ऊन खाणारा गडद रंगाचा पत्रा पहाटे आणि दुपारी यांच्यात ४० अंशांचा फरक सहज पाहतो. सहा मीटरचा पत्रा त्यामुळे जवळजवळ तीन मिलीमीटर लांब-आखूड होतो. पीव्हीसी पाइप तर तेवढ्याच उष्णतेला पोलादाच्या काही पट वाढतो. पत्रा एकीकडे सरकतो, पाइप दुसरीकडे, आणि मध्ये सिलिकॉनची दोन मिलीमीटरची रेघ. ते रोज ताणलं जातं नि रोज चेपलं जातं. चांगल्या प्रतीचं बांधकामाचं सिलिकॉन साधारणपणे स्वतःच्या रुंदीच्या २५ टक्के हालचाल सोसतं. तीन मिलीमीटरची हालचाल सोसायला सांधा १२ मिलीमीटर रुंद हवा. दोन मिलीमीटरच्या रेघेकडून ती अपेक्षा धरणं चूक.

"म्हणजे भोक मोठं पाडायचं?" काकांना हे उलटंच वाटलं. त्यांच्या पोरांना तर भोक जितकं नेमकं, तितकी शाबासकी मिळायची.

"मोठं, पण मापात. पाइपाच्या चहूबाजूंनी बारा मिलीमीटर मोकळं. त्या फटीत आधी फोमची दोरी दाबायची, मग तिच्यावर सिलिकॉन. खोली रुंदीच्या निम्मी. मागे दोरी असली की सिलिकॉन फक्त पाइपाला आणि पत्र्याला चिकटतं, मोकळेपणाने ताणतं. आणि ते आंबट वासाचं सिलिकॉन नको."

हा आंबट वास व्हिनेगरचा, म्हणजे ॲसेटिक ॲसिडचा. काचेच्या कामात चालणारं स्वस्त सिलिकॉन वाळताना हे आम्ल सोडतं. पत्र्यावरच्या जस्ताच्या थराला ते खातं. पत्र्यासाठी न्यूट्रल सिलिकॉनच हवं. दुकानात दोन्हींच्या नळ्या शेजारी-शेजारी असतात. मागताना शब्द उच्चारला नाही तर हातात आंबट येतं.

इथवर ताईचा हात वर होता. पण भोक कुठे पाडायचं, हा प्रश्न निघाला आणि बाजू बदलली.

काकांनी एक उरलेला पत्र्याचा तुकडा उचलला. पत्र्याला ठरावीक अंतरावर उंचवटे असतात, ज्यांना कारागीर रिब म्हणतात, आणि त्यांच्यामध्ये सपाट पट्टा. "पाइप सपाटीत आला तर काम अर्ध्या तासाचं. रिबवर आला तर निम्मा दिवस जातो आणि पत्राही लेचापेचा होतो," ते म्हणाले. हे खरं आहे. लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९मध्ये पन्हळी पत्र्याचं पेटंट घेतलं, ते याच तत्त्वावर. अर्धा मिलीमीटर जाडीचा पत्रा स्वतःच्या बळावर उभा राहतो तो त्याच्या वळ्यांमुळे. रिब कापली की तिथलं बळ जातं. म्हणून काका पहिला पत्रा मारायच्या आधी भिंतीवरच्या सगळ्या पाइपांची मापं घेतात आणि कोणत्या टोकापासून सुरुवात केली तर जास्तीत जास्त पाइप सपाटीत येतील, ते जमिनीवर आखून बघतात. कधी सुरुवातीचा पत्रा तीन इंच कापून घेतला की पाचपैकी चार पाइप नीट सपाटीत बसतात. एक्झॉस्ट पंख्यासारखं मोठं भोक मात्र रिब कापल्याशिवाय होत नाही. तिथे ते भोकाच्या चारही बाजूंना मागून चौकोनी ट्यूबची चौकट घालतात.

ताईने हे वहीत लिहून घेतलं. तिच्या ड्रॉइंगमध्ये पाइप दाखवलेले होते, रिब कुठे येणार ते नव्हतं.

पुढची युक्तीही काकांचीच. भिंतीतून पाइप आधीच बाहेर आलेला असेल तर भोकाची जागा पत्र्यावर कशी उतरवायची? टेपने मापत बसलं तर शिडीवर चूक होतेच. काका पाइपाच्या तोंडाला कालवलेला गेरू फासतात, पत्रा जागेवर धरून समोरून दाबतात आणि उमटलेल्या कड्याबरहुकूम भोक आखतात. पाइप लांब असेल, पुढे दुसऱ्या पाइपाला जोडलेला असेल, तर अखंड पत्रा त्यावरून घालताच येत नाही. अशा वेळी ते पत्र्याचा आडवा सांधा नेमका पाइपाच्या उंचीवर आणतात. खालच्या पत्र्याच्या वरच्या कडेला अर्धगोल, वरच्या पत्र्यात उरलेला भाग, आणि वरचा पत्रा खालच्यावर सहा इंच चढवलेला.

"हीच तुमची शाकारणी," ताई म्हणाली. "हेच मला पाइपाभोवतीही हवंय. वरचं नेहमी खालच्यावर."

भोक कापायच्या हत्यारावर मात्र खडाजंगी झाली. काकांची पोरं ग्राइंडर लावतात. काम झटपट होतं. जिन्याच्या खोलीपाशी दिसलेले टाचणीएवढे ठिपके याच ग्राइंडरचे. चकतीतून उडणारी तापलेली लोखंडी ठिणगी रंगात रुतते, पहिल्या पावसात गंजते आणि तिथून गंज खाली उतरतो. शिवाय कापलेल्या कडेचा रंग आणि जस्त जळून जातं. जस्ताचं काम काय, तर स्वतः झिजून पोलादाला वाचवायचं. फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७मध्ये लोखंडाला जस्ताचा लेप द्यायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, ते याच गुणासाठी. १९७२मध्ये अमेरिकेच्या बेथलेहेम स्टीलने बाजारात आणलेल्या गॅल्व्हल्यूमच्या लेपात ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि उरलेलं बहुतेक जस्त असतं. हा लेप जास्त टिकतो. पण ग्राइंडरपुढे दोन्हींची गत एकच.

"मग काय कात्रीने कापत बसू? चाळीस भोकं आहेत."

"गोल भोकाला होल सॉ, बाकीला कात्री नाहीतर निबलर. आणि भोक पाडल्यावर लोखंडाचा कीस ब्रशने झाडून काढायचा. तो तसाच राहिला तर पहिल्या सरीत पत्र्यावर तांबडे ओघळ येतात."

काका थोडा वेळ गप्प राहिले. "कात्री चालेल. पण भोकं खाली जमिनीवर पाडू. दोरावर लटकून कात्री चालवायची नाही, पोराचा हात जाईल." हा मुद्दा ताईला लगेच पटला.

आता प्रत्यक्ष पाइपाभोवतीचा जोड. बाजारात ईपीडीएम रबराचा बूट मिळतो. बुडाला वाकवता येणारी ॲल्युमिनियमची पट्टी असलेला चौकोन आणि वर निमुळता होत गेलेला रबराचा शंकू. पाइपाच्या व्यासापेक्षा शंकूचं तोंड साधारण वीस टक्के लहान कापायचं, म्हणजे ते ओढून चढवताना पाइपाला घट्ट बसतं. बुडाची पट्टी पत्र्याच्या वळणानुसार दाबायची, खाली न्यूट्रल सिलिकॉन आणि वरून जवळजवळ स्क्रू. चौकोन सरळ न बसवता शंकरपाळ्यासारखा तिरका बसवला, की वरून आलेलं पाणी टोकापाशी दुभागून दोन्ही बाजूंनी निघून जातं. वरच्या कडेवर साचून राहत नाही. पत्रा सरकला, पाइप सरकला, तरी रबर त्यांच्याबरोबर हलतं. पाइप आधीच जोडलेला असेल तर एका बाजूने उघडणारा बूटही मिळतो.

जिथे बूट बसत नाही, म्हणजे दोन-तीन पाइप शेजारी असतात किंवा पाइप रिबवर येतो, तिथे पत्र्याचीच सपाट फ्लॅशिंग करायची. तिची वरची कड वरच्या पत्र्याच्या मागे सरकवायची, खालची कड खालच्या पत्र्याच्या पुढे ठेवायची. रिबच्या पोकळीत फोमचे तुकडे दाबायचे. वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना सिलिकॉन लावायचं, खालची कड उघडी सोडायची.

काका इथे पुन्हा अडले. "उघडी? भोक उघडं ठेवून मी गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू? झुरळं जातील, झड जाईल."

ताईने त्यांना व्हँकूव्हरची गोष्ट सांगितली. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे शहरही पावसाचं. १९८० आणि ९०च्या दशकांत तिथे बांधलेल्या असंख्य सदनिकांच्या भिंती आतून कुजल्या. बाहेरचा गिलावा आणि सांधे बंद ठेवून पाणी पूर्ण अडवायचं, हाच त्या भिंतींचा आधार होता. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून, बाल्कनीच्या जोडांतून थोडं थोडं पाणी शिरत गेलं आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नव्हती. प्रकरण इतकं वाढलं, की माजी प्रीमियर डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला आणि १९९८मध्ये त्याचा अहवाल आला. त्यानंतर तिथे भिंतीच्या बाहेरच्या आवरणामागे पोकळी ठेवून पाणी खाली उतरवायची पद्धत रुजली.

"त्यांच्या भिंती लाकडाच्या," काका म्हणाले. "आपला चिरा कुजत नाही."

"चिरा कुजत नाही, पण तुमचा सांगाडा गंजतो. खाऱ्या हवेत पत्र्यामागे ओल कोंडली की चौकोनी ट्यूब आतून बाहेरून खाल्ली जाते आणि पत्रा वरून नवा दिसतो. मग वारा आला की पत्रा स्क्रूसकट जातो." झुरळांसाठी तिने बारीक जाळी सुचवली. जाळीला काकांचा विरोध नव्हता.

शिवाय पाइप ज्या भोकातून मूळ भिंतीबाहेर येतो, ते भोक पत्रा मारायच्या आधी सिमेंटने आणि वॉटरप्रूफिंगच्या मसाल्याने नीट बंद करायचं, हे दोघांनी मिळून ठरवलं. पत्रा लागल्यावर तिथे हात पोहोचत नाही. भिंतीच्या आरपार जाणाऱ्या प्रत्येक नळीला आणि नळीवाटे काढलेल्या वायरीला बाहेरच्या बाजूला थोडा उतार हवा. वायरीला तर आत शिरण्याआधी खाली झोळ द्यायचा, म्हणजे तिच्यावरून आलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं.

सगळ्यात लांबलेली चर्चा मैलापाण्याच्या उभ्या पाइपांवरून झाली. काकांना ते पत्र्याच्या आत घ्यायचे होते. सांगाडा सहा-सात इंच पुढे घेतला की उभे पाइप झाकले जातात आणि पत्र्याला एकही भोक पडत नाही. भोक नाही तर गळती नाही. दिसायलाही भिंत स्वच्छ.

"पण पाइपच फुटला तर?" ताईने विचारलं. "सांडपाणी पत्र्यामागे झिरपत राहील आणि तिसऱ्या मजल्याच्या भिंतीला वास येईपर्यंत कोणाला कळणार नाही."

इथे दोघांनी एकमेकांचं अर्धं-अर्धं घेतलं. उभे पाइप आत राहतील, पण प्रत्येक मजल्यावर पाइपाच्या सांध्यापाशी आणि साफसफाईच्या झाकणापाशी पत्र्याला स्क्रूने उघडणारा दरवाजा असेल. त्या दरवाज्यालाही वरून फ्लॅशिंग. पत्र्याच्या तळाची कड जमिनीपासून वर आणि उघडी, म्हणजे आत काही झिरपलं तर खाली दिसेल.

एसीच्या नळ्यांवर वाद झालाच नाही. तांब्यावरून उतरलेलं पाणी जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियम-जस्ताच्या थरावर पडत राहिलं तर तो थर खाल्ला जातो. तांबं पत्र्याला टेकू द्यायचं नाही, त्यावर इन्सुलेशन पूर्ण हवं, आणि एसीच्या पाण्याची नळी पत्र्यावर न सोडता थेट खालच्या पाइपात न्यायची.

भोकं बुजवायला फवाऱ्याचा पीयू फोम वापरायची काकांच्या पोरांची सवय मात्र ताईने तिथल्या तिथे मोडून काढली. उन्हात तो पिवळा पडून भुगा होतो, हे काकांनाही ठाऊक होतं. तो पेटतो, याचा विचार त्यांनी केला नव्हता. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात आग लागली. खिडकीच्या चौकटीभोवतीच्या भागातून ती बाहेरच्या आवरणात शिरली आणि इमारतभर पसरली. ७२ माणसं गेली. तिथल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन भरलेलं होतं. आपला साधा पोलादी पत्रा पेटत नाही. पण त्याच्यामागची उभी पोकळी आगीला वर चढायला वाट देते आणि भोकाभोवती भरलेला फोम तिथे पहिलं जळण ठरू शकतो.

यातूनच बोलणं गॅस गीझरवर आलं आणि दोघांचाही आवाज बदलला. गीझरची धुराची नळी तापते. साधा ईपीडीएम रबर सतत शंभर अंशांच्या थोडं पुढेपर्यंत टिकतो, सिलिकॉन रबराचा बूट साधारण दोनशेपर्यंत. त्याहून गरम नळीभोवती पत्र्याची मोठी कॉलर, मध्ये रॉकवूल आणि वर पत्र्याची छत्री एवढंच चालतं. पण खरा धोका पाण्याचा नाही. बंद न्हाणीघरात गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आंघोळ करणारा माणूस तिथेच कोसळतो. बाहेरून पत्रा मारताना न्हाणीघराचा झरोका झाकला गेला, एक्झॉस्ट पंख्याचं तोंड पत्र्यामागे राहिलं किंवा धुराची नळी पत्र्याच्या आतच संपली, तर तो वायू पोकळीत फिरून पुन्हा घरात येतो.

"मी झरोके झाकत नाही," काका म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "पण गिऱ्हाईक सांगतं, झाका, पाऊस येतो. आणि बरेच जण झाकतात."

अखेरीस ठरलं ते असं. प्रत्येक पाइपाला बूट किंवा फ्लॅशिंग. सिलिकॉन असेल, पण दुसऱ्या फळीत. पाणी बाहेर काढायचं पहिलं काम पत्र्याच्या चढावाचं. काकांची शाकारणीही राहिली. दर मे महिन्यात पहिल्या मजल्यावरचे बूट हाताने आणि वरचे दुर्बिणीने बघायचे, तळाच्या कडेची जाळी झाडायची, प्रत्येक मजल्यावरचा दरवाजा उघडून आत टॉर्च मारायची. ताईने शेवटी हे मान्य केलं, की कितीही चांगला जोड केला तरी समुद्रकाठी वर्षातून एकदा बघणारा माणूस लागतोच. काकांनी हे मान्य केलं, की बघायला जावं लागणं वेगळं आणि दर वर्षी दुरुस्त करावं लागणं वेगळं.

तुमच्या इमारतीला पत्रा मारायचा असेल तर कोटेशन घेताना स्क्वेअर फुटाच्या दरावर थांबू नका. भिंतीवरच्या प्रत्येक पाइपाची, नळीची, वायरीची यादी करा आणि प्रत्येकापुढे बूट की फ्लॅशिंग ते लिहून घ्या. न्यूट्रल सिलिकॉन, कात्री किंवा होल सॉ, उघडी खालची कड आणि पाइपांपाशी उघडणारे दरवाजे हे शब्द त्या कागदावर आले पाहिजेत. आणि पत्रा आधीच मारलेला असेल तर पावसाची वाट बघू नका. तुमच्या न्हाणीघराचा झरोका मोकळा आहे का, गीझरची नळी आणि एक्झॉस्टचं तोंड पत्र्याच्या बाहेर आलं आहे का, हे आजच खाली उतरून बघा.